शिकागोचे २०० फूट: फूड ट्रक आणि हॉटेलवाल्यांच्या भांडणाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर गणपतीला आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हमखास म्हणतं, "इथे डाउनटाउनमध्ये वडापावचा ट्रक टाकला ना, तुफान चालेल." मी शिकागोजवळ राहतो, बरीच वर्षं झाली, आणि एका मित्राच्या अशाच ट्रकच्या खुळापायी सिटीचे नियम, कोर्टाचा निकाल असलं सगळं वाचत बसलो होतो, त्यामुळे आता विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही. पण मत आहे आणि ते लपवणार नाहीये.

२०० फुटांचा नियम म्हणजे नक्की काय?

शिकागोत कुठल्याही हॉटेलपासून २०० फुटांच्या आत फूड ट्रक उभा करून धंदा करायचा नाही. मोजायचं हॉटेलच्या गिऱ्हाइकांच्या मुख्य दारापासून. २०० फूट म्हणजे साधारण ६१ मीटर, ऐकायला काहीच नाही, पाच बस एकामागे एक लावल्या तर तेवढं होतं. पण लूपमध्ये, म्हणजे ऑफिसांच्या मुख्य भागात, एकदा चालून बघा. एका दारापासून लांब गेलात की दुसऱ्याच्या वर्तुळात शिरता, त्याच्यातून निघालात की तिसऱ्याच्या. आणि हॉटेलची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की टेबलावर पांढरा कपडा घालणारं भारी हॉटेल आणि सँडविच बांधून देणारं कोपऱ्यातलं काउंटर, दोन्ही सारखेच धरले जातात.

वर एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. २०० फूट मोडले तर दंड १,००० ते २,००० डॉलर. वडापाव समजा ५ डॉलरला विकला तर किती वडे तळावे लागतील ते तुम्हीच मोजा, आणि ते सगळे फुकट.

सूट कधी? रात्री १२ ते २. त्या वेळी लूपमध्ये जेवायला कोण येतं हे मला विचारू नका.

हा नियम फूड ट्रकची फॅशन आल्यावर आला का?

नाही, जुना आहे, १९९१ चा. तेव्हा ट्रकवर स्वयंपाक करायलाच बंदी होती, आधीच पॅक केलेलं विकायचं फक्त. २०१२ च्या जुलैमध्ये रॅम इमॅन्युएल मेयर असताना नवा ऑर्डिनन्स, म्हणजे सिटीचा कायदा, पास झाला आणि ट्रकमध्ये शिजवायला परवानगी मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्याच कागदात २०० फूट तसेच ठेवले, दंड वाढवला आणि प्रत्येक ट्रकवर जीपीएस बसवणं सक्तीचं केलं. म्हणजे या, शिजवा, पण कोणाच्या दारात नको, आणि कुठे आहात ते आम्हाला कळत राहू दे.

मग लूपमध्ये दिसतात ते ट्रक उभे कसे राहतात?

सिटीने काही ठिकाणी खास स्टँड दिलेत, रस्त्याकडेचं राखीव पार्किंगच ते. तिथे २०० फूट लागू नाहीत. पण स्टँड मोजके, एका स्टँडवर जागा दोन-एक ट्रकची, आणि पहिला येईल तो उभा राहील. लंच साडेअकराला सुरू होतो आणि जागा मिळावी म्हणून कोणाला तरी सकाळीच साधी गाडी तिथे लावून बसायला सांगायचं, हे प्रकार चालतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसंच, फक्त रुमाल थोडा महाग.

हॉटेलवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे का?

अजिबात नाही, आणि हे मी मुद्दाम आधी लिहितोय कारण ट्रकची बाजू घेणारे लोक हॉटेलवाला म्हणजे कोणी खलनायक असल्यासारखं बोलतात.

बघा ना, हॉटेलवाल्याने पाच किंवा दहा वर्षांचं लीज सही केलेलं असतं. प्रॉपर्टी टॅक्स थेट भरत नसला तरी तो भाड्यातून त्याच्याच खिशातून जातो. फेब्रुवारीत बाहेर उणे १५ असताना तो हीटिंग लावून, वेटरना पगार देऊन, दोन टेबलं भरलेली असताना दार उघडं ठेवतो. आणि मग मे महिना आला, ऊन पडलं, लोक ऑफिसातून बाहेर पडायला लागले की नेमका त्याच्या दारासमोर कोणीतरी ट्रक लावतो आणि क्रीम क्रीम खाऊन जातो. थंडी आली की ट्रक गॅरेजमध्ये, हा बिचारा तिथेच. त्याचा राग मला समजतो. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, जिथे आपलं किराणा-मिठाईचं सगळं मार्केट आहे, तिथल्या एका हॉटेलवाल्या काकांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, "तो चाकावर आलाय, मी कर्जावर बसलोय." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

पण राग समजणं वेगळं आणि त्या रागाचा कायदा करणं वेगळं. समोर ट्रकऐवजी दुसरं हॉटेल उघडलं असतं तर? तेही त्याचं गिऱ्हाईक खेचणारच. तेव्हा सिटी म्हणते हा धंदा आहे, चालायचंच. शिकागोत एका हॉटेलने दुसऱ्यापासून २०० फूट लांब राहावं असा काही नियम नाही. बरं, "ते टॅक्स भरत नाहीत" हे तर अर्धवट आहे, सेल्स टॅक्स ट्रकवालाही गोळा करून भरतो, लायसन्सची फी भरतो, रात्री गाडी लावायला आणि तयारीला लायसन्सवालं किचन भाड्याने घेतो. भाडं तोही भरतो, फक्त ते रस्त्यावरून दिसत नाही.

कोणी कोर्टात गेलं नाही का?

गेलं की. नोव्हेंबर २०१२ मध्येच. 'कपकेक्स फॉर करेज' नावाचा कपकेकचा ट्रक होता, त्याच्या मालकिणीच्या कंपनीने सिटीवर केस टाकली, इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस नावाच्या संस्थेचे वकील होते. म्हणणं दोन गोष्टींवर: एक, २०० फुटांचा नियम फक्त हॉटेलांना स्पर्धेपासून वाचवायला आहे आणि हे सरकारचं काम नाही; दोन, जीपीएसची सक्ती म्हणजे वॉरंटशिवाय झडती.

ट्रायल कोर्टात हरले, अपील कोर्टात हरले, आणि २३ मे २०१९ ला इलिनॉय सुप्रीम कोर्टातही हरले. साडेसहा वर्षं.

यातली मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट पेट्रोल पंपाची. शिकागोच्या बाहेर लोम्बार्ड नावाचं गाव आहे, तिथे जुना नियम होता की एका पंपापासून ६५० फुटांत दुसरा पंप नको. १९६० मध्ये याच इलिनॉय सुप्रीम कोर्टाने तो उडवला होता. ट्रकवाल्यांना वाटलं, झालं, आपलं काम झालं, पंपाचं तेच वड्याचं. पण २०१९ मध्ये कोर्ट म्हणालं हे प्रकरण वेगळं आहे: हॉटेलं एका जागी टिकून राहतात, त्यांच्यामुळे भागाला स्थैर्य येतं, प्रॉपर्टी टॅक्स येतो, तो भाग जपण्यात सिटीचं वाजवी हित आहे; शिवाय अंतर ठेवल्याने फुटपाथवर गर्दी कमी होते आणि जिथे खायला कमी मिळतं अशा भागांकडे ट्रक जातात. आणि अशा आर्थिक नियमाला कोर्टाची परीक्षा सोपी असते, काहीतरी तर्कसंगत कारण दाखवता आलं की पुरे. सिटीला ते दाखवता आलं.

कोर्टाने मान्य केला म्हणजे नियम बरोबरच झाला ना?

कायदेशीर झाला. बरोबर आहे की नाही हे कोर्टाने ठरवलेलं नाही, ते ठरवणं सिटी कौन्सिलवर, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांवर, सोडलंय, आणि कौन्सिल हवं तेव्हा बदलू शकते.

"धंदेवाल्यांना स्पर्धेपासून वाचवणं हे सरकारचं काम आहे का" या प्रश्नावर अमेरिकेतल्या कोर्टांचंच एकमत नाही, आणि गंमत म्हणजे तो वाद शवपेट्यांवरून झालाय. टेनेसीत कायदा होता की शवपेटी फक्त लायसन्सवाल्या अंत्यविधी चालकानेच विकायची. २००२ मध्ये सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने (सर्किट म्हणजे या कोर्टांचे विभाग) तो रद्द केला, ठराविक गटाला स्पर्धेपासून राखणं हा सरकारचा योग्य हेतू नाही म्हणून. दोन वर्षांनी दहाव्या सर्किटने ओक्लाहोमाचा जवळजवळ तसाच कायदा चालवून घेतला. कपकेकच्या ट्रकचं नशीब शवपेटीच्या वादाशी जोडलेलं असेल असं कोणाला स्वप्नात तरी वाटेल का.

जीपीएसचं काय झालं?

तेही टिकलं. ट्रक उभा कुठे आहे ते दर पाच मिनिटांनी सर्व्हिस कंपनीला कळतं. लोक म्हणतात लपवायचं काय, ट्रकवाले स्वतःच सोशल मीडियावर लोकेशन टाकतात. खरंय. पण स्वतःहून सांगणं आणि सांगायला लावणं यात फरक आहे एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

दुसऱ्या शहरांत काय आहे?

खिचडी आहे सगळी. टेक्ससमधल्या एल पासोने हॉटेलपासून चक्क १,००० फूट ठेवले होते, २०११ मध्ये चार विक्रेते कोर्टात गेले आणि काही महिन्यांतच सिटीने नियम मागे घेतला. सॅन अँटोनियोत ३०० फूट होते, त्यातही हॉटेलवाल्याने लेखी परवानगी दिली तर चालायचं, म्हणजे स्पर्धकाकडे जाऊन त्याची सही मागायची! २०१५ मध्ये तोही गेला. बाल्टिमोरमध्ये ३०० फूट, पण फक्त तशाच प्रकारचं खाणं विकणाऱ्या हॉटेलपासून, म्हणजे पिझ्झाच्या ट्रकने पिझ्झावाल्यापासून लांब राहायचं. तो नियम २०२० मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च कोर्टात टिकला. आपल्या वडापावला तिथे बहुतेक मोकळं रान मिळालं असतं, कारण समोर वडापाववालं हॉटेल आहे कुठे.

न्यूयॉर्कची तऱ्हा अजून वेगळी. तिथे अंतराऐवजी परमिटची संख्याच १९८० च्या दशकात गोठवली. परिणाम काय? सिटीला दोन वर्षांसाठी २०० डॉलर भरून मिळणारं परमिट काळ्या बाजारात २०-२५ हजार डॉलरला भाड्याने जायला लागलं. गाडीवर उभा राहून घाम गाळणारा वेगळा आणि परमिटवर बसून खाणारा वेगळा. मुंबईत टॅक्सीचं परमिट एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा असायचा, तोच खेळ. शेवटी २०२१ च्या कायद्याने दरवर्षी ४४५ नवी लायसन्स देत जायचं ठरलं.

पोर्टलंडने खासगी पार्किंगच्या जागांवर गाड्यांचे अड्डे होऊ दिले, पॉड म्हणतात त्यांना, आणि ते शहराची ओळख झाले. पण जागा खासगी म्हणजे मालकाची मर्जी: आल्डर स्ट्रीटचा मोठा पॉड २०१९ मध्ये उठवला आणि तिथे रिट्झ-कार्लटनवाला टॉवर उभा राहिला.

आपल्याकडे असा काही नियम आहे का? आपल्याकडे तर सगळं राम भरोसे ना?

हे वाक्य मंडळात रोज ऐकतो आणि दरवेळी चिडतो. आपल्याकडे केंद्राचा कायदा आहे, पथविक्रेता कायदा, २०१४ चा, १ मे २०१४ पासून लागू. आणि कागदावर तो शिकागोच्या नियमापेक्षा कितीतरी शहाणा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. विक्रेत्यांचा सर्व्हे पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. शहराच्या पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. माल जप्त केला तर नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लिहिलंय की जिथे बाजार आधीपासून आपोआप भरतोय ती जागा ना-फेरीवाला क्षेत्र करता येणार नाही, आणि नुसती गर्दी होते एवढ्या कारणावरून तर नाहीच नाही. समोरच्या हॉटेलवाल्याचा गल्ला कमी होतो असं कारण मला तरी त्यात कुठे सापडलं नाही.

आता दुसरी बाजू. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, आणि त्यानंतर १ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, देवळं, हॉस्पिटलं यांच्यापासून १०० मीटरमध्ये फेरीवाले नकोत. दीडशे मीटर म्हणजे शिकागोच्या अडीचपट. आणि वडापाव कुठे जन्मला? दादर स्टेशनच्या बाहेर, १९६६ च्या सुमारास, अशोक वैद्यांच्या गाडीवर, असंच आपण सगळे सांगतो ना. आजचा नियम तेव्हा असता तर वैद्यांना गाडी उचलून कुठे न्यावी लागली असती कोण जाणे, आणि लोकलमधून उतरलेला गिरणी कामगार वड्यासाठी दीडशे मीटर चालत गेला असता का हाही प्रश्नच.

तरी मला मुंबईचं अंतर शिकागोच्या अंतरापेक्षा जास्त पटतं, कारण अंतर कशापासून मोजताय ते बघा. स्टेशनपासून मोजलं तर कारण आहे माणसांचा जीव. शाळेच्या फाटकापासून मोजलं तर कारण आहे पोरं. हॉटेलच्या दारापासून मोजलं तर कारण एकच उरतं, त्या दारामागचा गल्ला. फुटपाथवर गर्दी नको हे कारण खरं असेल तर फुटपाथची रुंदी मोजा ना. अरुंद फुटपाथ असेल तर जवळ हॉटेल असो की नसो, ट्रक नको. आणि रुंद असेल तर हॉटेल शेजारी असलं म्हणून तो अरुंद होत नाही.

म्हणजे आपल्याकडे छान चाललंय?

कायदा छान, चाललंय म्हणायला जीभ रेटत नाही. मुंबईत सर्व्हे झाला २०१४ मध्ये आणि समितीवरच्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक झाली २०२४ मध्ये. मधली दहा वर्षं अतिक्रमणची गाडी, हप्ता, दंड, सोडवून आणलेली हातगाडी, परत अतिक्रमणची गाडी. माझ्या मामाची एका उपनगरात भज्यांची गाडी होती, नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळतो हे त्याला मी अमेरिकेतून फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला.

मग ट्रकवाल्यांना नियमच नकोत असं म्हणायचंय का?

उलट, हवेत आणि कडक हवेत. ट्रकमध्ये गॅस असतो, उकळतं तेल असतं, दोन माणसं उभी राहतील एवढी जागा असते. फायरवाल्यांची तपासणी झालीच पाहिजे. हात धुवायला वाहतं पाणी, घाण पाण्याची वेगळी टाकी, लायसन्सवालं किचन, फायर हायड्रंट आणि बस स्टॉप अडवायचा नाही, कचरा उचलायचा, जनरेटरचा आवाज. यातलं काहीही मोडलं तर दंड करा, दोनदा मोडलं तर लायसन्स काढून घ्या, माझी काही तक्रार नाही. मी स्वतः ज्या ट्रकवाल्याच्या हातमोज्यांकडे बघून परत फिरलोय त्याची आठवण अजून आहे.

पुण्या-मुंबईत ट्रक टाकायचा असेल तर?

थोडक्यात सांगतो. टेम्पो घेऊन मागे किचन बसवायचं म्हणजे गाडीत फेरबदल, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आरटीओची मंजुरी लागते. आधी फॅब्रिकेटरकडून सगळं करून घेऊन मग आरटीओत जाऊ नका. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, छोट्या धंद्याला ते स्वस्त असतं. जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड, रस्त्यावर की कोणाच्या खासगी प्लॉटवर, आणि खासगी असेल तर मालकाशी लेखी करार, तोंडी नको. ओळखीचा आहे म्हणून तोंडी ठरवलं आणि धंदा चालायला लागल्यावर मालकाने भाडं दुप्पट केलं, असं दोघांचं तरी झालेलं मला माहितीये.

हॉटेलवाल्यांसाठी सिटीने काहीच करू नये का?

करावं, पण ट्रकच्या खिशातून नको. बाहेर टेबलं मांडायची परवानगी स्वस्त आणि पटकन द्या. इन्स्पेक्शनच्या तारखांसाठी महिनोन्महिने लटकवू नका. लायसन्सचे पाच कागद एका खिडकीवर आणा. डेव्हनवरच्या काकांनीच सांगितलं, एका साइनबोर्डच्या परवानगीला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या पोरीचं लग्न ठरून झालंसुद्धा. ट्रकमुळे गेलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा या चकरांत त्यांचं जास्त नुकसान झालं असेल असा माझा अंदाज, त्यांनी मात्र ते कबूल केलं नाही.

आणि ट्रक विरुद्ध हॉटेल ही भिंत तरी कुठे पक्की आहे? तो केसवाला कपकेकचा ट्रक पुढे उपनगरात बेकरीपर्यंत पोचलाच. ज्याच्याकडे लीजचे पैसे नसतात तो आधी चाकावर चव तपासून बघतो. आपल्याकडे किती हॉटेलांच्या गल्ल्यामागे मालकाच्या पहिल्या हातगाडीचा हार घातलेला फोटो असतो, आठवून बघा.

ज्या मित्रासाठी हे सगळं वाचलंत त्याने ट्रक टाकला का?

टाकला, पण लूपमध्ये नाही. आम्ही दोघं एका शनिवारी मेजरिंग टेप घेऊन लूपमध्ये फिरलो होतो, थट्टेने सुरू केलं आणि दीड तासात चेहरे पडले, स्टँड सोडून एकही जागा बसेना. मग उपनगरातली एक छोटी ब्रुअरी सापडली, बिअर स्वतः बनवतात पण किचन नाही, लोकांना खायला तर हवं असतं, म्हणून तेच ट्रकला बोलावतात आणि आपल्या आवारात जागा देतात. ट्रकमुळे गिऱ्हाईक जास्त वेळ बसतं असं मालक म्हणतो. महिन्यातले दोन शनिवार तिथे, बाकी लग्नं आणि मंडळाचे कार्यक्रम. पहिल्या दिवशी सातलाच पाव संपले, तर ब्रुअरीच्या मालकाने स्वतःची गाडी काढून बर्गरचे बन आणून दिले, आणि पुढचे चाळीस वडे बर्गर बनमध्ये गेले. लसणाची चटणी जास्त घालायला लागली म्हणे.